होमलँड सिक्युरिटीची पदवी घेऊन पुढे काय? एका आईच्या प्रश्नाचं सविस्तर उत्तर

न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका ताईंनी विचारलंय: "मुलगा हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला आहे, जन्म इथलाच. त्याला कॉलेजात होमलँड सिक्युरिटी हाच विषय घ्यायचाय. घरात आम्ही सगळे आयटीतले, यातलं कुणालाच काही कळत नाही. ही पदवी घेऊन नोकरी लागते का? की कॉम्प्युटर सायन्स घे म्हणून मागे लागू? आमचं निम्मं कुटुंब पुण्यात आहे, ते आड येईल का? आणि सांगलीचा भाचाही याच विषयात एमएस करायला इकडे यायचं म्हणतोय, त्याला काय सांगू?"

ताई, मी न्यू जर्सीत बरीच वर्षं आपत्कालीन व्यवस्थापनात काम करतेय. आधी एका काउंटीच्या (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग) कार्यालयात होते, आता रुग्णालयांसाठी तेच काम करते. नव्या मुलांच्या मुलाखती घ्यायलाही बसते. त्यामुळे पदवीच्या पलीकडच्या बाजूने जे दिसतं ते सांगते. तुमच्या मुलाला मी ओळखत नाही. त्याला गणित आवडतं का, तो माणसांत रमतो का, घरापासून लांब राहायची तयारी आहे का, यावर पुष्कळ काही ठरेल. तरीही काही गोष्टी सगळ्यांनाच लागू आहेत.

पहिला घोटाळा असा, की या पदवीचं नाव आणि अमेरिकेच्या देशांतर्गत सुरक्षा खात्याचं नाव एकच आहे: होमलँड सिक्युरिटी. मुलांना वाटतं, ही पदवी घेतली की त्या खात्याचं दार उघडतं. तसं होत नाही. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर २००२ मध्ये कायदा झाला, २२ वेगवेगळ्या यंत्रणा एकत्र केल्या आणि मार्च २००३ पासून हे खातं कामाला लागलं. आज तिथे अडीच लाखांच्या आसपास माणसं आहेत. पण ही माणसं "होमलँड सिक्युरिटी" नावाचं कुठलं एक काम करत नाहीत. विमानतळावर बॅगा तपासणारे टीएसएचे लोक, सीमेवर आणि बंदरांत बसणारे सीबीपीचे अधिकारी, बेकायदा राहणाऱ्यांना शोधून देशाबाहेर पाठवणारं आयसीई, नागरिकत्वाचे अर्ज पाहणारं यूएससीआयएस, कोस्ट गार्ड, सीक्रेट सर्व्हिस, पूर आणि वादळात धावणारी फेमा, आणि २०१८ मध्ये उभी राहिलेली सायबर सुरक्षेची सीसा, हे सगळं त्याच छपराखाली येतं. एफबीआय मात्र त्यात नाही, ती न्याय खात्याखाली येते. सीआयए तर पूर्ण वेगळी. मुलाच्या डोळ्यांपुढे यातलं नेमकं कोणतं चित्र आहे, हे आधी त्याच्याकडून काढून घ्या. "मला देशाच्या सुरक्षेसाठी काम करायचंय" हे उत्तर पुरेसं नाही. त्याच्या पुढचा प्रश्न विचारा: दिवसभर काय करत बसायला आवडेल?

कारण या प्रत्येक यंत्रणेत शिरायची वाट वेगळी आहे. टीएसएच्या तपासनीसाला हायस्कूलचा दाखला पुरतो. सीबीपीच्या अधिकाऱ्यालाही पदवीची सक्ती नाही. त्याला नागरिकत्व लागतं, गेल्या पाच वर्षांतली किमान तीन वर्षं अमेरिकेत राहिलेलं असावं लागतं, शारीरिक चाचणी, वैद्यकीय तपासणी आणि पॉलिग्राफ (खोटं पकडण्याची चाचणी) पार करावे लागतात, आणि मग जॉर्जियातल्या ग्लिंकोला प्रशिक्षण. बॉर्डर पेट्रोलचं प्रशिक्षण न्यू मेक्सिकोत आर्टेशियाला होतं आणि तिथे स्पॅनिश आलंच पाहिजे. कोस्ट गार्डमध्ये अधिकारी व्हायचं तर कनेटिकटमधल्या न्यू लंडनला त्यांची अकादमी आहे. शिक्षण फुकट, बदल्यात पदवीनंतर पाच वर्षं सेवा. इतर लष्करी अकादम्यांना लागते तशी अमेरिकी संसदेच्या सदस्याची शिफारस तिथे लागत नाही, प्रवेश सरळ गुणवत्तेवर होतो. समुद्राची आवड असलेल्या मुलाने हिचा विचार जरूर करावा. आपल्या लोकांना ती फारशी माहीत नसते. सीसामध्ये जायचं तर सायबरचं खरं कौशल्य हवं. फेमात माणसं कुठून येतात म्हणाल तर अग्निशमन, नगररचना, सार्वजनिक आरोग्य, हिशेब, अभियांत्रिकी, अशी कुठूनही.

म्हणजे या खात्यातल्या निम्म्याअधिक दारांवर होमलँड सिक्युरिटीची पदवी कुणी विचारतच नाही, आणि उरलेल्या दारांवर ती इतर दहा पदव्यांच्या रांगेत उभी असते. ती वाईट आहे असं मी म्हणत नाही. चांगल्या ठिकाणी घेतली तर धोक्याचा अंदाज कसा बांधायचा, केंद्र, राज्य आणि गाव यांचे अधिकार कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात, १९८८ च्या स्टॅफर्ड कायद्याखाली मदतीचा पैसा कसा हलतो, झडतीच्या बाबतीत राज्यघटना सरकारचे हात कुठे बांधते, हे सगळं मुलगा नीट शिकतो. आम्हाला हे नोकरीत धडपडत शिकावं लागलं. पण नर्सिंग किंवा अभियांत्रिकीला जशी परवान्याची परीक्षा असते, तशी इथे नाही. त्यामुळे एकाच नावाच्या दोन पदव्यांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असतो. २००१ नंतर हे अभ्यासक्रम कॉलेजोकॉलेजी निघाले. त्यातले काही फौजदारी न्यायाच्या जुन्याच अभ्यासक्रमावर नवी पाटी लावून उभे केलेले आहेत.

माझं मत स्पष्ट सांगते. मुलाने एक हातात धरता येईल असं कौशल्य मुख्य विषय म्हणून घ्यावं आणि होमलँड सिक्युरिटी किंवा आपत्कालीन व्यवस्थापन हा मायनर, म्हणजे दुय्यम विषय, ठेवावा. कौशल्य म्हणजे जीआयएस (संगणकावर नकाशे आणि माहिती जोडण्याचं तंत्र) आणि भूगोल, सार्वजनिक आरोग्य, सायबर सुरक्षा, नगररचना, संख्याशास्त्र, हिशेबशास्त्र, किंवा एखादी भाषा. उलट क्रमही चालतो, पण मग ते दुसरं कौशल्य खरोखर पक्कं असलं पाहिजे. नुसती पाटी घेऊन आलेला मुलगा मुलाखतीत दहशतवादाच्या इतिहासावर छान बोलतो. त्याच्यापुढे पूररेषेचा नकाशा ठेवून "यातल्या कोणत्या वृद्धाश्रमांना आधी हलवायचं?" असं विचारलं की गप्प होतो.

असं का म्हणते ते सॅंडी वादळाच्या वेळचं उदाहरण देऊन सांगते. २९ ऑक्टोबर २०१२ च्या संध्याकाळी ते वादळ अटलांटिक सिटीजवळ ब्रिगंटीनला जमिनीवर आलं. मी तेव्हा एका काउंटीच्या आपत्कालीन केंद्रात होते. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, अशा केंद्रात मोठमोठे पडदे असतात आणि कुणीतरी हुकूम सोडत असतं. आमच्याकडे टेबलं होती, फोन होते, आणि प्रत्येक टेबलावर अर्ज क्रमांक २१३ चे गठ्ठे होते. कुणाला काही हवं असेल तर ते त्या अर्जावर उतरवायचं: काय हवं, किती हवं, कुठे, कधीपर्यंत, मागणारा कोण. तिसऱ्या रात्री एका वृद्धाश्रमातून फोन आला, जनरेटरचं डिझेल सकाळपर्यंतच पुरेल. आत ऑक्सिजनच्या यंत्रावरची माणसं. डिझेलचा टँकर आमच्या हाताशी होता. पण जनरेटर किती गॅलनचा, टाकीचं तोंड कोणत्या बाजूला, टँकरची नळी त्याला बसते का, रस्त्यावर झाडं कुठे पडलीत, पैसे कोण देणार, यातलं कुणालाच काही माहीत नव्हतं. नियोजन विभागातली एक तरुण मुलगी होती, शिकलेली नगररचना. तिने आदल्या दिवशी स्वतःहून काउंटीतल्या सगळ्या वृद्धाश्रमांना फोन करून एक तक्ता करून ठेवला होता: जनरेटर आहे का, किती तास चालतो, देखभाल करणाऱ्याचा मोबाइल कोणता. तो तक्ता तिने बंद रस्त्यांच्या नकाशावर चढवला आणि टँकर पहाटेआधी पोचला. त्याच आठवड्यात राज्याच्या बारा काउंट्यांत गाडीच्या नंबरप्रमाणे सम-विषम तारखांनाच पेट्रोल द्यायचा नियम लावावा लागला. म्हणजे आमचेच लोक कामावर कसे येणार, हाही प्रश्न त्याच टेबलांवर आला.

हे काम असं असतं. बरंचसं फोन, तक्ते, नकाशे, अर्ज, आणि घाबरलेल्या माणसाशी शांतपणे बोलणं. त्या मुलीला मी कधी तिच्या पदवीचं नाव विचारल्याचं आठवत नाही.

दुसरी गोष्ट. तुमच्या मुलाची नजर वॉशिंग्टनवर असेल, पण या क्षेत्रातलं बरंचसं काम तुमच्या घराजवळ आहे. न्यू जर्सीत कायद्याने प्रत्येक गावाला आपत्कालीन समन्वयक नेमावा लागतो. राज्यात ५६४ गावं आणि २१ काउंट्या आहेत. लहान गावांत हे पद एखाद्या पोलिस किंवा अग्निशमन अधिकाऱ्याकडे जोडकाम म्हणून असतं, काउंटीत मात्र पूर्णवेळ माणसं लागतात. राज्याचं स्वतःचं होमलँड सिक्युरिटी कार्यालय २००६ पासून आहे. नदीपलीकडे न्यू यॉर्क शहराचा वेगळा आपत्कालीन विभाग आहे, आणि तो देशातल्या मोठ्या विभागांपैकी एक आहे. शिवाय खासगी क्षेत्र: वीज कंपन्या, बंदर, रेल्वे, विद्यापीठं, औषध कंपन्या, बँका. रुग्णालयांचं तर मी रोजच बघते. केंद्राच्या मेडिकेअर (सरकारी आरोग्यविमा) विभागाने २०१६ मध्ये नियम केला, की रुग्णालयं, वृद्धाश्रम, डायलिसिस केंद्रं अशा सगळ्यांनी आपत्तीची लेखी योजना ठेवायची आणि तिचे सराव घ्यायचे. तेव्हापासून या कामाला माणसं हवी असतात, आणि मिळतात ती बहुतेक वेळा नर्सिंग किंवा प्रशासनातून ओढून आणलेली.

तरी मोठ्या पदांची संख्या मर्यादित आहे, हे आधीच माहीत असू द्या. आपत्कालीन व्यवस्थापन संचालक म्हणून मोजल्या जाणाऱ्या जागा सगळ्या अमेरिकेत मिळून बारा-तेरा हजारांच्या घरात आहेत. मधलं वेतन वर्षाला ऐंशी हजार डॉलरच्या थोडं वर, पण तिथे पोचायला काही वर्षं जातात. केंद्र सरकारात नुसत्या पदवीवर जीएस-५ ही वेतनश्रेणी मिळते. जीपीए (गुणांची सरासरी) ३.० किंवा जास्त असेल तर जीएस-७ मागता येते, आणि बहुतेक मुलं हे अर्जात लिहायचं विसरतात. आपल्या भागातल्या स्थानिक भत्त्यासह या दोन श्रेणींची सुरुवात साधारण पन्नास आणि साठ हजारांच्या आसपास होते. आयटीतल्या घराला हा आकडा लहान वाटेल. त्यावर घरात मोकळेपणाने बोला, कारण वर्षाला साठ हजार डॉलर फीचं खासगी कॉलेज कर्ज काढून करायचं आणि या पगारावर ते फेडायचं, हे गणित जुळत नाही. रटगर्स तुमच्या दारात आहे. तिथे भूगोल आहे, नगररचना आणि सार्वजनिक धोरण आहे, सार्वजनिक आरोग्य आहे. मॅनहॅटनला जॉन जे कॉलेज आहे, त्याचं या क्षेत्रातलं नाव जुनं आणि माणसांचं जाळं मोठं. ऑल्बनीच्या विद्यापीठात २०१५ पासून आपत्कालीन सज्जता, होमलँड सिक्युरिटी आणि सायबर सुरक्षा यांचं मिळून वेगळं कॉलेजच आहे. याच नावाची पदवी हवी असेल तर मी त्याला तिथे जाऊन बघायला सांगेन, अर्थात राज्याबाहेरच्या मुलाची फी तपासून. सायबरकडे कल असेल तर सायबरकोर (CyberCorps) नावाची सरकारी शिष्यवृत्ती आहे. ती फी भरते, वर खर्चाला पैसे देते, आणि बदल्यात तितकीच वर्षं सरकारी नोकरी करायची असते. मात्र ती नोकरी आपली आपण शोधावी लागते आणि मिळाली नाही तर शिष्यवृत्तीचं कर्जात रूपांतर होतं. सही करण्याआधी करार दोनदा वाचा.

कॉलेज बघायला जाल तेव्हा इमारती कमी बघा आणि विभागात जाऊन विचारा: इंटर्नशिप सक्तीची आहे का, आणि ती कोण मिळवून देतं? शिकवणाऱ्यांपैकी किती जणांनी हे काम प्रत्यक्ष केलंय? जीआयएस आणि संख्याशास्त्र सक्तीचं आहे का? गेल्या दोन वर्षांत बाहेर पडलेली मुलं आज कुठे आहेत, नावं नकोत, पदं सांगा. या शेवटच्या प्रश्नाला गोलमोल उत्तर आलं तर समजून घ्या. मास्टर्सची घाई तर अजिबात नको. कॅलिफोर्नियात मॉन्टेरेला नौदलाच्या पदव्युत्तर संस्थेत या विषयाचा देशातला सगळ्यात नावाजलेला मास्टर्स अभ्यासक्रम आहे. तो सरकारी सेवेतल्या लोकांसाठी आहे आणि त्याला फीच नाही. आधी नोकरी, मग तो अभ्यासक्रम, हा क्रम मला जास्त शहाणपणाचा वाटतो.

आता पुण्याच्या नातेवाइकांचं. तुमच्या प्रश्नात सगळ्यात जास्त काळजी इथेच दिसली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गोपनीयतेची परवानगी (सिक्युरिटी क्लिअरन्स, म्हणजे सरकारी गुप्त माहिती हाताळण्याची मुभा) लागणाऱ्या पदांसाठी एसएफ-८६ नावाचा भलामोठा अर्ज भरावा लागतो. त्यात गेल्या दहा वर्षांतले राहण्याचे सगळे पत्ते, नोकऱ्या, ओळखणारी माणसं, सात वर्षांतले परदेश प्रवास, परदेशातले जवळचे संबंध आणि परदेशातली मालमत्ता द्यावी लागते. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर बोलणारी आजी ही त्या अर्जाच्या दृष्टीने परदेशी संपर्क ठरते. आजोबांनी गावची जमीन किंवा कोथरूडचा फ्लॅट नातवाच्या नावावर केला असेल तर ती परदेशी मालमत्ता. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत देतो ते) म्हणजे भारताचं नागरिकत्व नाही, तरी असेल तर ते सांगावं. हे सगळं असणं म्हणजे नकार, असं मुळीच नाही. केंद्र सरकारात भारतीय वंशाची कितीतरी माणसं आहेत आणि त्यांच्याही आज्या भारतातच आहेत. तपासणाऱ्यांना बघायचं असतं ते हे, की या संबंधांमुळे कुणी याच्यावर दबाव आणू शकेल का, आणि याने काही लपवलंय का. चांगल्या मुलांची गाडी अडते ती लपवण्यापाशी. आपल्याकडे एखादा काका "कशाला सांगायचं, कुणाला कळतंय" म्हणतो आणि मुलगा एक ओळ गाळतो. त्या अर्जावर खोटं लिहिणं हा गुन्हा आहे, आणि गुन्हा सिद्ध झाला नाही तरी विश्वास गेला की परवानगीही गेली.

त्यामुळे आजपासून एक वही किंवा फाइल करा. भारतात कधी गेलो, कधी परतलो, वाटेत कुठे उतरलो, नातेवाइकांची पूर्ण नावं आणि पत्ते, जमिनीचे कागद. पाच-सहा वर्षांनी हे आठवत बसणं फार जड जातं. आणि त्याच्याशी एका गोष्टीबद्दल संकोच न करता बोला: गांजा. न्यू जर्सीत एकवीस वर्षांवरच्यांना तो दुकानात कायदेशीर मिळतो, त्यामुळे कॉलेजातल्या मुलांना वाटतं त्यात काही नाही. केंद्राच्या कायद्याने तो अजूनही बेकायदा आहे आणि या अर्जात गेल्या सात वर्षांचं विचारतात. हुशार, सरळ मुलं इथे अडकताना मी पाहिली आहेत. तिसरं, अठरा पूर्ण झाले की सिलेक्टिव्ह सर्व्हिसमध्ये (सक्तीची लष्करभरती करावी लागलीच तर त्यासाठीची सरकारी यादी) त्याची नोंद झाली आहे याची खात्री करून पावती जपून ठेवा. मुलाने जाणूनबुजून ती नोंद टाळली असेल तर केंद्र सरकारची नोकरी कायद्यानेच बंद होते.

इथवरचं थोडक्यात असं: यंत्रणा आधी ठरवा, कौशल्य मुख्य आणि होमलँड सिक्युरिटी जोडीला, कर्ज कमी, कागद स्वच्छ. आता एक अवघड विषय, जो तुम्ही विचारलेला नाही, पण मला टाळता येत नाही.

हे क्षेत्र राजकारणाच्या वाऱ्यावर फार हलतं. २००५ मध्ये कट्रीना वादळात फेमाची लाज गेली तेव्हा पुढच्या वर्षी कायदा बदलून तिला बळ दिलं गेलं. २०२५ च्या जानेवारीत केंद्राची भरती गोठली, फेमातून बरीच अनुभवी माणसं बाहेर पडली, आणि त्याच वर्षी आयसीईला मात्र हजारो नव्या जागांसाठी प्रचंड निधी मिळाला. गाव आणि काउंटीतल्या अनेक जागाही केंद्राच्या अनुदानावर चालतात. अनुदान आटलं की जागा आटते. तुमचा मुलगा पदवी घेईल तेव्हा वारं कुठल्या दिशेचं असेल हे आज कुणी ठरवू शकत नाही. म्हणूनही मी हातातल्या कौशल्याचा आग्रह धरते. जीआयएस येणाऱ्या मुलाला फेमाने घेतलं नाही तर वीज कंपनी घेईल.

यातलाच दुसरा भाग मनाचा आहे. या खात्यात जाणारा मुलगा एखाद्या दिवशी कुणाला तरी देशाबाहेर पाठवणाऱ्या तुकडीत असू शकतो. त्याचे आईवडील स्वतः व्हिसाच्या रांगेत उभे राहून इथे आले. काहींना ते काम कर्तव्य वाटतं आणि ते प्रामाणिकपणे करतात, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. काहींना झेपत नाही. मी स्वतः माणसांना पाण्यातून बाहेर काढण्याच्या बाजूचं काम निवडलं आणि त्यातच राहिले. मुलाने आपली बाजू आधी ओळखावी, नोकरीत शिरल्यावर नव्हे. हे बोलणं जेवणाच्या टेबलावर झालं तर फार चांगलं, आणि त्यात तुम्ही ऐकण्याचं काम जास्त करा.

मग या वर्षी त्याने काय करावं? फेमाचे घरबसल्या करायचे अभ्यासक्रम फुकट आहेत. आयएस-१०० आणि आयएस-७०० पासून सुरुवात करावी, एका शनिवार-रविवारात होतात. त्यातून इन्सिडेंट कमांड सिस्टिम कळते, म्हणजे आपत्तीत कोण कुणाला विचारतं याची रचना. कॅलिफोर्नियातल्या १९७० च्या वणव्यांनंतर ती घडत गेली आणि आज देशभर तीच चालते. नंतर गावाच्या समन्वयकाला दोन ओळींची ईमेल पाठवून सर्टचं (सामान्य नागरिकांच्या आपत्कालीन मदत पथकाचं) प्रशिक्षण कधी आहे ते विचारावं. साधारण वीस तासांचं असतं: आग विझवणं, प्रथमोपचार, ढिगाऱ्यात शोध. अठराच्या आतल्या मुलांना घेतात का ते गावागणिक बदलतं, पण विचारलेलं लक्षात राहतं. स्पॅनिश शाळेत घेतली असेल तर सोडू देऊ नका. १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री आयडा वादळाच्या पावसाने न्यू जर्सीत तीसच्या आसपास माणसं गेली, बरीच गाड्यांत अडकून. न्यू यॉर्कमध्ये तळघरातल्या घरांत माणसं बुडाली, त्यात स्थलांतरित कुटुंबं होती. फोनवर येणारे धोक्याचे संदेश इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये होते, आणि तिथे राहणाऱ्या अनेकांची भाषा या दोन्हींपैकी नव्हती. आपल्या मुलांना घरात मराठी-हिंदी येते, शेजारी गुजराती, तेलुगू बोलणारे असतात. एडिसनसारख्या गावात समन्वयकाला असा मुलगा हवाच असतो.

आणि एक काम, जे मी ओळखीच्या प्रत्येक मुलाला सुचवते. तुमच्या मराठी मंडळाचा गणेशोत्सव होतो, बहुधा एखाद्या शाळेच्या सभागृहात, हजारभर माणसं, आरत्या, मोदकांचं जेवण, लहान मुलं, म्हातारी माणसं. त्याची आपत्कालीन योजना त्याने लिहावी. दारं किती आणि कुठे उघडतात, रांग कुठे तुंबते, आरतीच्या ज्योती कुठे आणि अग्निशामक नळकांडी कुठे, डीफिब्रिलेटर (बंद पडलेल्या हृदयाला झटका देणारं यंत्र) कोणत्या भिंतीवर, कुणाला चक्कर आली तर ॲम्ब्युलन्स कोणत्या फाटकातून आत येईल, हरवलेलं मूल कुणाकडे आणायचं, कार्यकर्त्यांपैकी कोण काय करणार. उत्सव झाल्यावर दोन पानं लिहावीत, काय जमलं आणि पुढच्या वर्षी काय बदलायचं. आमच्या धंद्यात या दोन पानांना फार किंमत आहे. शिवाय मंदिरं आणि ना-नफा संस्थांना सुरक्षेसाठी केंद्राचं अनुदान मिळू शकतं. त्यासाठी धोक्याचं मूल्यमापन लिहून द्यावं लागतं. गावातल्या मंदिराच्या समितीला ते करायला मदत केली तर अनुदानाचा अर्ज कसा लिहितात हे तो कॉलेजला जाण्याआधीच शिकेल. असा कागद घेऊन आलेला अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा मी इंटर्न म्हणून लगेच घेईन.

कॉम्प्युटर सायन्ससाठी मागे लागायचं का, तर नाही. तो वर सांगितलेल्यातलं काही स्वतःहून करायला लागला तर त्याला जाऊ द्या. चार महिन्यांत एकही ईमेल पाठवली नाही, तर विषय अजून ठरलेला नाही असं समजून त्याला पहिलं वर्ष मोकळं ठेवायला सांगा. बहुतेक कॉलेजांत दुसऱ्या वर्षाच्या शेवटापर्यंत मुख्य विषय ठरवता येतो.

आता भाच्याचं, आणि हे त्याला स्पष्ट सांगा. विद्यार्थी व्हिसावर येऊन होमलँड सिक्युरिटीत एमएस केलं, तरी या खात्याच्या नोकऱ्या त्याला जवळपास सगळ्या बंद आहेत, कारण त्यांना अमेरिकी नागरिकत्व लागतं. खासगी कंपन्यांतल्या अनेक जागांनाही गोपनीयतेच्या परवानगीमुळे तीच अट येते. राज्य आणि काउंटीच्या कार्यालयांत त्याच्यासाठी व्हिसाची खटपट सहसा कुणी करत नाही. एवढं कर्ज काढून इथे यायचंच असेल तर सायबर सुरक्षा, जीआयएस किंवा सार्वजनिक आरोग्य या नावाची पदवी घ्यावी, म्हणजे खासगी नोकरीची वाट तरी राहते. त्याला खरोखर सुरक्षेचंच काम करायचं असेल तर ते त्याच्या देशात आहे. यूपीएससीची सीएपीएफ (केंद्रीय सशस्त्र पोलिस दलं) असिस्टंट कमांडंटची परीक्षा कोणत्याही पदवीवर देता येते, सर्वसाधारण गटाला वय २० ते २५, म्हणजे वर्षं मोजकीच असतात. बीएसएफ, सीआरपीएफ, सीआयएसएफ, आयटीबीपी आणि एसएसबी या दलांचे अधिकारी त्यातून निवडले जातात. एनडीआरएफमध्ये (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलात) जायची वाटही मुख्यतः याच दलांतून प्रतिनियुक्तीवर जाते. तिची पाचवी बटालियन पुण्याजवळ सुदुंबऱ्याला आहे, सांगलीच्या पुरात त्याने त्यांच्या बोटी पाहिल्याही असतील. अभ्यासच करायचा असेल तर गांधीनगरजवळ लवाडला राष्ट्रीय रक्षा विद्यापीठ आहे, मुंबईला टाटा समाजविज्ञान संस्थेत आपत्ती व्यवस्थापनाचं पदव्युत्तर शिक्षण आहे. त्याचं वय आणि पदवी कळवलीत तर यातलं काय आधी करावं ते सांगता येईल.